मियाटाला सहा गिअर म्हणजे ऑटोक्रॉसला फायदाच?

ऑटोक्रॉससाठी मियाटा (माझदाची छोटी स्पोर्ट्स कार) घेण्यावरचा लेख भारी आहे पण "मियाटात सहा गिअरवालाच घ्या" हे काय पटलं नाय बुवा. अहो ऑटोक्रॉस म्हणजे पार्किंग लॉटमध्ये प्लास्टिकचे कोन लावून मिनिटभराचा कोर्स असतो, त्यात पाचवा-सहावा लागतोच कुठे, सगळा खेळ दुसऱ्या गिअरचा. आता एनबीचंच (मियाटाची दुसरी पिढी) बघा, पाच गिअरवाल्याचा दुसरा १.८८८ आणि फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकांकडचा शेवटचा गिअर रेशो) ४.३, सहा गिअरवाल्याचा दुसरा २.२६९ आणि ड्राइव्ह ३.९०९, गुणाकार केला की ८.१ आणि ८.९ येतो, आकडा मोठा तितकी ओढ जास्त पण स्पीड कमी. १९५/५०/१५ टायरवर ७००० आरपीएमला पाचवाला साधारण ताशी ९३ किमीच्या स्पीडला जातो, सहावाला ८५-८६ लाच लिमिटरला (इंजिन त्याहून जास्त फिरू न देणारी मर्यादा) टेकतो. कॉर्नरमधून निघताना सहावाला जास्त ओढतो हे मान्य, पण मोकळा कोर्स असला की नेमकं स्लॅलमच्या (कोनांमधून नागमोडी जायचं तिथे) तोंडाशी तिसरा टाकायचा, लगेच परत दुसरा, एक हात स्टिअरिंगवरून सुटलेला आणि तेवढ्यात एक कोन उडाला की दंडाचे दोन सेकंद गेलेच, मग काय उपयोग त्या पिकअपचा?? आमच्याकडे ओहायोत मोठ्या लॉटवर हे कायम बघायला मिळतं. कोर्स टाइट असेल तर मात्र सहावालाच, तिथे वादच नाय.

आणि ते "फायनल ड्राइव्ह बदलून घ्या" लिहिलंय ना, एससीसीएच्या (अमेरिकेतला स्पोर्ट्स कार क्लब, ऑटोक्रॉसचे नियम त्यांचे) स्ट्रीट क्लासात, म्हणजे जवळजवळ मूळ गाड्यांच्या गटात, ते चालत नाही, नवीन पोरं वाचून खर्च करून बसतील, तेवढं लेखात टाका प्लीज. जुनी गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असतानाच दुसरा टाकून बघा, खरखर आली तर सिंक्रो (गिअर अलगद बसवणारी रिंग) गेलाय, भाव पाडून मागा.