‘आतून सगळी सारखीच’? मसाज मशीनच्या मेसेजला एका दुरुस्तीवाल्याचं उत्तर

दिवाळीपासून एक मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आधी घोडबंदर रोडच्या एका गिऱ्हाइकाने दाखवला, मग कोपरीच्या, आणि परवा माझ्या मेहुणीनेच मला पाठवला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. मसाज गन (स्नायूंवर ठोके देणारं हातातलं मशीन) किंवा पायाचं मशीन घेताना ब्रँड बघू नका, सगळं एकाच चिनी कारखान्यातून येतं. स्पीडचा आकडा जास्त तेवढी ताकद जास्त. हेड, म्हणजे पुढे लावायची बदलती टोकं, जास्त असतील ते घ्या. रोज अर्धा तास पाय मशीनमध्ये घातले की शुगर उतरते, व्हेरिकोज व्हेन्स बसतात, अंगातलं विष निघून जातं. आणि वॉरंटी म्हणजे नुसता कागद, तेव्हा स्वस्तात स्वस्त घ्या.

नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, इस्त्री, गीझर ही मूळची कामं. कोविडनंतर मसाजची मशीनं इतकी यायला लागली की त्यांच्यासाठी वेगळं कपाट करावं लागलं. लोक विचारतात, अगारो घेऊ की लाइफलाँग, डॉक्टर ट्रस्ट की जेएसबी? मी नाव सांगत नाही, काय तपासायचं ते सांगतो. हा मेसेज नेमकं तेच तपासू नका म्हणतो, म्हणून हे लिहायला बसलो.

‘सगळं एकाच कारखान्यातून येतं’

यात थोडं तथ्य आहे, ते आधी मान्य करतो. चीनमध्ये शेन्झेनच्या आसपास तयार साच्यातला माल घेऊन त्यावर आपलं नाव छापून घेता येतं. मी एकदा दोन वेगळ्या नावांच्या गन टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या, तर सर्किट बोर्डावरचा छापील नंबरही एकच निघाला. किमतीत मात्र जवळजवळ दुपटीचा फरक होता. नुसत्या नावाला भुलू नका, इथवर मेसेज बरोबर आहे.

पण साचा एक म्हणून आतला मालही एक, हे साफ चूक. अशीच दुसरी एक जोडी आली होती. बाहेरून जुळी भावंडं, बटण तेच, पेटीही तीच. पहिलीत तीन लिथियम सेल होते, प्रत्येकावर बनवणाऱ्याचं नाव आणि क्षमता छापलेली, मध्ये इन्सुलेशनचा कागद, वर चार्जिंगवर लक्ष ठेवणारी छोटी पट्टी. दुसरीत दोनच सेल, निळं वेष्टण कोरं करकरीत, पट्टीचा पत्ता नाही. आणि डब्यावर ठसठशीत ‘२४ व्होल्ट’! असे दोन सेल एकामागे एक जोडले की साधारण ७.४ व्होल्ट होतात. ही गन गिऱ्हाईक रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपायचं. मी ती पुन्हा जोडून दिली नाही, आणि त्यांना का ते दाखवलं.

बाहेरून काय बघता येईल? चार्जर आणि बॅटरी यांना भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. शिवाय डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं ते आणि तक्रारीचा नंबर छापणं बंधनकारक आहे. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. ज्या डब्यावर हे नाही, तो परत ठेवा.

‘स्पीड जास्त, ताकद जास्त’

मसाज गन आतून अगदी साधी असते. मोटर फिरते, तिच्या चाकावर मध्यापासून जरा बाजूला एक खिळा बसवलेला असतो, आणि तो दांडीला पुढे-मागे ढकलतो. खिळा मध्यापासून ४ मिलिमीटरवर असेल तर हेड ८ मिलिमीटर हलतं, केसभरही जास्त नाही. याला स्ट्रोक म्हणतात. डब्यावर १२ छापलेल्या एका गनचा स्ट्रोक मी व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावून तीनदा मोजला, तिन्ही वेळा ८ भरला.

आता मेसेजचा नियम लावून बघू. थेरागन प्रो ही महागड्या गनांपैकी एक. तिचा स्ट्रोक १६ मिलिमीटर, ठोके मिनिटाला जास्तीत जास्त २४००. स्वस्त गनवर सर्रास ३२०० छापलेलं असतं. म्हणजे स्वस्त गन भारी? छोटा स्ट्रोक आणि मोठा वेग म्हणजे कातडीवरची थरथर. शिवाय तो ३२०० चा आकडा हेड हवेत असतानाचा. मांडीवर दाबलं की अशक्त मोटर घुरघुरते आणि थांबते. दुकानात चालू गन तळहातावर जोर देऊन दाबून बघा. आवाज बसला, ठोके मंदावले, तर डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ नाही.

पण म्हणून सगळ्यांनी १६ मिलिमीटरच्या मागे धावू नये. तो जिममध्ये जाणाऱ्या जाडजूड मांड्यांसाठी ठीक. सत्तरीच्या आजींच्या हाडाला चिकटलेल्या पोटरीला ८-१० पुष्कळ झाले, आणि तेही सर्वांत खालच्या स्पीडवर. ठाणे स्टेशनवरून रोज उभ्याने लोकल पकडणाऱ्याच्या आखडलेल्या पोटऱ्यांनाही तेवढंच पुरतं.

गनचा उपयोग होतो, त्याबद्दल मला शंका नाही. २०२० साली १६ पुरुषांच्या पोटरीवर पाच मिनिटं हायपरव्होल्ट नावाची मसाज गन चालवून बघितली गेली, तेव्हा घोटा वर वाकवण्याची हालचाल सुमारे ५ अंशांनी वाढली. स्नायूंची ताकद मात्र होती तेवढीच राहिली, ना वाढली ना घटली. आखडलेपण थोडा वेळ सुटतं, एवढं मशीनचं काम. तेवढ्यासाठी घ्या, जरूर घ्या.

‘हेड जास्त असतील ते घ्या’

गोल, चपटं आणि दुबेळक्यासारखं, ही तीन हेड लोक वापरतात. बाकीची पेटीतल्या खाचेत तशीच कोरी परत येतात. आणि कुठलंही हेड मानेच्या पुढच्या बाजूला लावू नका, तिथून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात.

‘पाय घाला, शुगर उतरेल’

या एका ओळीचा मला खरोखर राग आहे.

मागच्या पावसाळ्यात वृंदावन सोसायटीकडचे एक आजोबा मुलाबरोबर आले. मशीन पायाचं, आत फिरणारे गोळे आणि उष्णता देणारी पट्टी. तक्रार अशी की पाय घालायच्या कापडी बाहीला करपल्याचा वास येतो. आजोबांनी चप्पल काढली तेव्हा उजव्या पायाच्या तळव्यावर मधोमध रुपयाएवढा फोड फुटलेला दिसला. मी विचारलं, ‘काका, भाजलं तेव्हा कळलं नाही?’ म्हणाले, ‘नाही रे, मला वाटलं आज गरम जरा कमीच येतंय.’ त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. तळव्यांची संवेदना गेलेली. हाच मेसेज वाचून मुलाने मशीन आणलं होतं, रोज अर्ध्या तासाऐवजी एक तास लावायचा.

मशीन उघडलं. उष्णतेच्या पट्टीला थर्मल फ्यूज असायला हवा, म्हणजे ठरावीक तापमानाच्या वर गेलं की वीज तुटते. त्या जागी नुसती वायर जोडलेली. निरोगी माणसाने चटका लागताच पाय ओढून घेतला असता. ज्याला चटकाच कळत नाही त्याच्यासाठी तो फ्यूज हाच एकमेव पहारेकरी होता, आणि तो बसवलाच नव्हता. आजोबांची जखम भरायला अडीच महिने लागले.

मसाज मशीनने मधुमेह बरा होत नाही. डॉक्टर १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासतात, पाच मिनिटांची तपासणी आहे. घरात मधुमेही असेल तर मशीनच्या आधी ती करून घ्या, आणि उष्णतेचं बटण वापरूच नका.

व्हेरिकोज व्हेन्समध्ये शिरांच्या आतल्या झडपा नीट मिटत नाहीत, म्हणून रक्त खाली साचतं. बाहेरून गोळे फिरवून झडपा दुरुस्त होत नाहीत. याहून गंभीर गोष्ट आमच्या इमारतीतल्या फिजिओथेरपिस्ट ताई प्रत्येकाला बजावतात. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते, जीवावर बेततं. अशा वेळी मशीन बंद आणि थेट डॉक्टर. राहिलं विष, तर ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, पायाच्या मशीनचा त्याच्याशी काही संबंध नाही.

‘वॉरंटी नुसता कागद’

दोन ब्रँडमधला खरा फरक मला इथेच सापडतो. पायाच्या मशीनची बाही वर्षभरात झिजून फाटते. फाटली की पायाची कातडी थेट फिरत्या गोळ्यांना लागते. गोळे फिरवणारं प्लॅस्टिकचं गिअर दात गमावतं. हवेवर चालणाऱ्या मशीनची पिशवी शिवणीला सुटते. एखाद्या कंपनीकडून बाही सुटी मागवता येते, चार दिवसांत घरी येते. दुसऱ्या एका कंपनीचा तक्रारीचा नंबर मी तीन आठवडे लावत होतो, तो कायम व्यस्त. शेवटी त्या काकूंचं चांगलं चालणारं मशीन फक्त बाहीपायी भंगारात गेलं.

म्हणून पैसे देण्याच्या आधी, दुकानात उभं राहूनच डब्यावरच्या नंबरवर फोन लावा. विचारा, बाही सुटी मिळते का, कितीला, चार्जर मिळतो का, सर्व्हिस सेंटर ठाण्यात आहे की पार्सल करायचं. वॉरंटीत मोटर येते की बॅटरीही येते ते कार्डावर वाचा, बहुतेकदा दोन्हींची मुदत वेगळी असते. बिल जपून ठेवा. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे तक्रार करताना बिल हाताशी असलेलं बरं.