चकलीवाले अंकल

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी परवा माझं दुसऱ्यांदा बारसं झालं. दौलतगंजातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, नऊ माणसांच्या समक्ष. नाव ठेवलं 'चकलीवाले अंकल'. आज बघतो तर रिसेप्शनवरच्या पोराने ते रजिस्टरमध्येही लिहिलंय. आडनावाच्या रकान्यात.

दुसरा मजला मुद्दाम सांगितला. जिना जुन्या वाड्याचा, पायऱ्या वीतभर रुंद, हातभर उंच आणि धरायला कठड्याऐवजी दोर. येणाऱ्यांत निम्मे गुडघेवाले. जो पेशंट वर पोचला तो बरा झाला असं समजून त्याला तिथूनच परत पाठवायला हरकत नाही. लिफ्टचं विचारलं तर उत्तर मिळालं, "अंकल, ये भी एक्सरसाइज है."

माझं दुखणं कोपराचं, उजव्या. बाहेरच्या अंगाला जे हाड हाताला लागतं तिथे बोट टेकवलं तरी ब्रह्मांड आठवतं. चहाचा कप उचलताना कळ, कुलूप उघडताना कळ, गजकाचा, म्हणजे इथल्या तीळ-गुळाच्या वडीचा, तुकडा मोडताना तर पार खांद्यापर्यंत. थंडीत ग्वाल्हेरात राहून गजक मोडता येऊ नये, यापरतं अपंगत्व नाही. डॉक्टरांनी निदान केलं, टेनिस एल्बो.

मी जन्मात टेनिस खेळलेलो नाही. रॅकेट हातात धरली ती डास मारायची. हे दुखणं आमच्या घरच्या पितळी सोऱ्यातून आलंय. दर दिवाळीला चकल्यांचा सोऱ्या फिरवायचं काम माझ्याकडे असतं, कारण 'तेवढं तरी तुम्हाला जमतं'. यंदा भाजणी घट्ट भिजली होती. मी म्हटलं, अगं, पाण्याचा हात लाव जरा. ही म्हणाली, मऊ पडतील. चकल्या कुरकुरीत झाल्या, कोपर मऊ पडलं. मूठ आवळून मनगट पिळत राहिलं की मनगट उचलणारा जो स्नायू कोपराच्या त्या हाडाला कंडऱ्याने बांधलेला असतो, त्याच्या मुळाशी सगळा ताण जाऊन बसतो. सुतार, रंगारी, धुणं पिळणाऱ्या बायका ही या दुखण्याची खरी गिऱ्हाइकं. टेनिसवाले त्यात चवीपुरते.

आणि नाव मात्र त्यांचं! 1873 साली एका जर्मन डॉक्टराने हे दुखणं पहिल्यांदा मांडलं, ते लिहिणाऱ्यांच्या हाताबद्दल लिहिताना. टेनिस त्याला चिकटलं दहा वर्षांनी, 1883 मध्ये, इंग्रजांमुळे. म्हणजे मूळ मालक आम्ही कारकून. मी चौतीस वर्षं बँकेत लेजरं भरली. वारसाहक्काने हे दुखणं माझंच आहे, मधल्या मध्ये साहेबांनी आपल्या नावावर चढवून घेतलं.

हे सगळं मी काकूंना सांगायला हवं होतं. पण काकू बोलू देतील तर ना.

काकू म्हणजे हिरव्या पडद्यापलीकडच्या पलंगावरच्या. वय एक्क्याऐंशी, गुडघे दोन्ही. पडदा नावालाच, मधून हातभर फट. परवा माझ्या कोपराला पट्ट्या बांधून ती डॉक्टर मुलगी मशीनचा खटका फिरवत होती. "झुनझुनी आई, अंकल? बढ़ाऊँ?" मी पुरुषासारखा पुरुष, म्हटलं बढ़ाओ. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं झालं. तेवढ्यात फटीतून एक डोळा.

"मराठी का हो तुम्ही?"

"हो काकू."

"तरीच. कण्हण्यावरून वाटलंच. कुठले?"

"इथलेच. जनकगंज."

"तसं नाही. मूळचे."

ग्वाल्हेरात हा प्रश्न टळत नाही. इथल्या प्रत्येक मराठी घराचा मूळपुरुष महादजी शिंद्यांबरोबर घोड्यावरून आलेला असतो. पायी कोणी आलंच नाही. एवढ्या घोड्यांना दाणा कोण घालत होतं, ते इतिहासाला ठाऊक. काकूंचे पूर्वज तर दोन घोडे घेऊन आले होते. एक राखीव. माझे खापरपणजोबा हिशेबनीस होते आणि बहुधा बैलगाडीत दप्तरांवर बसून आले असावेत. पण मीही घोडा सांगितला.

"आणि झालंय काय?"

"टेनिस एल्बो."

"अय्या! टेनिस खेळता?"

"नाही हो."

"मग पूर्वी खेळायचात."

"कधीच नाही."

"मग चिरंजीव खेळतात?"

"नाही काकू. ते चकल्यांचा सोऱ्या फिरवून झालं."

पलीकडे शांतता. मग पडदा सरकला. काकू गुडघ्यांच्या शेकासकट उठून बसल्या, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि अख्ख्या खोलीला उद्देशून, सगळ्यांना कळावं म्हणून खास हिंदीत, जाहीर केलं, "सुनो, इनको चकली से टेनिस हुआ है!"

नऊ माणसं हसली. त्यात एकाच्या मानेला वजन टांगलेलं होतं. तोही हसला, वजनासकट.

पुढचा अर्धा तास माझ्या कोपरावर परिसंवाद. किती किलोच्या? मोहन घातलं होतं का? बायको काय करत होती? (ती तळत होती. हे कोणाला पटलं नाही.) खांदा धरलेले एक गजकवाले शेठ म्हणाले, "अरे, सचिन को भी यही हुआ था." झालं! सचिनला टेनिस एल्बो झालं होतं, 2005 मध्ये लंडनला ऑपरेशन करावं लागलं, हे खरं. आणि त्याच कोपराने त्याने 24 फेब्रुवारी 2010 ला आमच्या रूपसिंग स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला नाबाद 200 कुटल्या, 147 चेंडूंत, हेही खरं. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. शेठ त्या दिवशी मैदानात होते. मानेचे वजनवालेही होते. रिसेप्शनचा पोरगा तेव्हा असेल पाच वर्षांचा, तोही बापाच्या खांद्यावर बसून होता. त्या स्टेडियममध्ये मावतील त्याच्या दहापट माणसं मला आजवर भेटली आहेत, जी त्या दिवशी तिथेच होती.

मी नव्हतो. त्या दिवशी ब्रँचमध्ये ऑडिट होतं. अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर मॅनेजर म्हणाले, "मैच तो टीवी पर भी आता है." टीव्ही त्यांच्या घरी. मी लेजर उघडून बसलो होतो आणि खिडकीतून सगळ्या शहराची आरोळी ऐकू येत होती. कोपर दुखतं त्याहून ते अजून जास्त दुखतं. पण त्याला मशीन लावत नाहीत.

"सचिनने दोनशे केल्या," काकू म्हणाल्या, "तुम्ही किती केल्या?"

"चकल्या? सव्वाशे असतील."

"मग एवढं काय!"

आता थोडं पैशाचं. दहा बैठकांचं पॅकेज साडेतीन हजार, आगाऊ. त्यात चाळीस मिनिटांपैकी तीस मिनिटं मशीन आणि मी एकमेकांकडे बघत असतो. मग गार जेली लावून कोपरावर ते अल्ट्रासाऊंडचं मुंडकं गोल गोल फिरवतात, पोळीवर तूप फिरवावं तसं. जानेवारीतल्या ग्वाल्हेरात ती जेली कशी लागते ते ज्याचं कोपर त्यालाच माहीत. आणि ज्याने खरा फरक पडतो तो व्यायाम शेवटच्या दोन मिनिटांत. हात टेबलावर पालथा, मनगट कडेबाहेर, मुठीत अर्ध्या किलोचं डंबेल. डाव्या हाताने मनगट वर उचलून द्यायचं आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचं, पाच आकडे मोजत. घरी पाण्याच्या बाटलीवर फुकट होणारी गोष्ट. तिचा जो कागद देतात तो झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स, त्यात मनगट काळं ठिक्कर आणि डंबेलच्या जागी वांगं. बरं, यातले बहुतेक लोक वर्षभरात आपोआपही बरे होतात म्हणे. हे कोणी साडेतीन हजार घ्यायच्या आधी सांगत नाही. इंजेक्शनचं मी विचारलं होतं. मुलगी प्रामाणिक निघाली. म्हणाली, पहिले काही आठवडे झकास वाटेल, पुढे परत दुखायची शक्यता जास्त. तेवढ्यासाठी तिला मी 'अंकल' माफ केलं. 'चकलीवाले' नाही.

आता डंबेल गुलाबी आहे, हेही सांगून टाकतो. आणि कोपराखाली दोन बोटं सोडून बांधायचा पट्टा दिलाय, तो बघून काकू काल म्हणाल्या, "अहो, वाकी उतरलीय तुमची, वर सरकवा."

आज सहावी बैठक. मुलीने पकड मोजायचं यंत्र काढलं. मूठ आवळायची, दुखायला लागलं की थांबायचं, काटा बघायचा. मी दात-ओठ खाऊन आवळलं. अकरा किलो. डाव्या हाताने तीस आले होते, पण ते कोणी ऐकलं नाही.

"बघू गं, मला दे," पडदा बाजूला करत काकू म्हणाल्या. एका हाताने गुडघ्याची पट्टी सांभाळत, दुसऱ्याने त्यांनी तो दांडा लिंबू पिळावं तसा सहज दाबला. सतरा.

खोलीत टाळ्या झाल्या. शेठनी एका हाताने मांडीवर वाजवली.

"रोज कणीक मळते हो मी अजून," काकू माझी समजूत घालत म्हणाल्या. "घट्ट."

निघताना मी रिसेप्शनवर वेळ बदलून मागितली. अकराऐवजी साडेदहा चालेल का? पोराने रजिस्टर उघडलं, माझ्या नव्या आडनावावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, चालेल की. काकी तो साढ़े दस से ही आकर बैठ जाती हैं।