रातराणी उपटायची काही गरज नाही

पावसाळा लागला की सोसायटीच्या ग्रुपवर तो 'बाग असलेल्यांनी सावधान' वाला फॉरवर्ड हमखास येतो. रातराणी काढा, वासाला साप येतो. कढीपत्त्यावर अळी दिसली की लगेच औषध मारा. पक्ष्यांसाठी पाणी ठेवू नका, डेंग्यू होतो. यंदा आमच्या इथे एकाने खरंच रातराणी उपटली, म्हणून लिहितोय.

साप फुलांच्या वासाला येत नाही हो. त्याला हवेत उंदीर, बेडूक, पाली, आणि जीभ आतबाहेर करून तो त्यांचाच माग काढतो. आता रातराणीवर पतंग येतात, पतंगांमागे पाली-बेडूक, त्यांच्यामागे एखादा साप येऊ शकतो हे मान्य, पण त्याहून मोठं आमंत्रण म्हणजे भिंतीलगत रचून ठेवलेल्या विटा, फुटक्या फरश्या आणि उघडा कचरा. ते आधी उचला की. (सर्पगंधा लावली की साप फिरकत नाही, ही पण थापच.)

अळीचं तर फारच वाईट वाटतं. कढीपत्ता, लिंबावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते ना, ती बहुतेक वेळा लाइम बटरफ्लाय नाहीतर कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, बोट लावलं की डोक्यामागून लालसर शिंगं काढते आणि उग्र वास सोडते, बस, एवढाच तिचा धाक, चावणं नाही की डसणं नाही. झाड थोडे दिवस बोडकं दिसतं, पण चांगलं रुजलेलं असेल तर परत फुटतं. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. आणि औषध मारलेला तोच पाला फोडणीत टाकणार का? २०१५ मध्ये आपण ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतात, त्यांनी मग जायचं कुठे? शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट वेगळे, त्यांना मात्र हात लावू नका, खाज सुटते.

पाण्याचं म्हणणं अर्धं खरं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे भांड्यातलं पाणी रोज बदललं तर प्रश्नच मिटला. फक्त नुसतं ओतून देऊ नका, अंडी कडेला चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून काथ्याने घासून काढा. आणि कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचे टायर, फ्रीजमागचा ट्रे पण बघा, त्यांचं नाव त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.