जन्मदाखल्यावरचं माझं नाव

मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात 'बी' काउंटरवरच्या बाईंनी लेकीचा जन्मदाखला उचलला, माझा पासपोर्ट उघडून त्याच्या शेजारी ठेवला आणि आईच्या नावाच्या ओळीवर पेनाचं टोपण टेकवलं. "मॅडम, या कोण?"

दाखल्यावर आई म्हणून माझं नाव, पुढे नवऱ्याचं नाव, मग नवऱ्याचं आडनाव. पासपोर्टवर माझं नाव, माझ्या बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. जन्मल्यापासून आजपर्यंत मी हेच नाव लावत आले. शाळेत, कॉलेजात, नोकरीत, बँकेत, आधारवर, पॅनवर, सगळीकडे. लेक माझ्या कडेवर होती, टोकनचा कागद तिने चोळामोळा करून मुठीत धरला होता. मी म्हटलं, "दोन्ही मीच आहे." बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुम्हीच असणार हो. पण कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत."

फाईल होल्डवर गेली. त्या बाईंना मी जराही दोष देत नाही. त्यांच्यासमोर जे होतं ते त्यांनी वाचलं. चूक दीड वर्षापूर्वी झाली होती, आणि ती कशी झाली हे सांगायलाच आज लिहायला बसले आहे.

माझी बहीण जर्मनीत असते. तिचे दिवस भरत आले की आई जाणार आणि सोबत मी लेकीला घेऊन जाणार, असं ठरलं. बाकीची तयारी आम्ही नीट केली होती. लहान मुलाच्या पासपोर्टचे १००० रुपये, आठ वर्षांखालच्या मुलाला दहा टक्के सूट, म्हणून ९०० भरले. माझ्या आणि नवऱ्याच्या पासपोर्टच्या प्रती स्वतः सही करून जोडल्या. दोघांच्या सह्यांचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे आईवडिलांनी द्यायचं घोषणापत्र, भरलं. झेरॉक्सवाल्याने "पाचशेच्या स्टँपवर करून नोटरी करून घ्या, नाहीतर परत पाठवतात" असं सांगितलं होतं, तेही ऐकलं नाही. डिसेंबर २०१६ पासून ही अ‍ॅनेक्शर्स साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही, फक्त खरं लिहून सही करायची. अजूनही लोक यासाठी पैसे मोजतात याचं वाईट वाटतं. कृपया मोजू नका.

फोटोला मात्र वेळ लागला. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपण न्यायचा असतो, साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, मागे पांढरं. कोथरूडच्या स्टुडिओतल्या काकांनी स्टुलावर पांढरी चादर टाकली, मी चादरीमागे गुडघ्यावर बसून कापडाच्या आतून तिची पाठ धरली, नवरा समोर किल्ल्या वाजवत उभा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, मान सरळ, हे तिन्ही एकाच क्षणी जमायला अर्धा तास गेला. काका एकदाही कंटाळले नाहीत.

तर दाखला. लेक नोव्हेंबर २०२३ मध्ये झाली. जन्म रुग्णालयात झाला की नोंदणीसाठी त्याची माहिती कळवायची जबाबदारी कायद्याने रुग्णालयाचीच असते, २१ दिवसांच्या आत. त्या माहितीच्या फॉर्मवर आई-वडिलांचं नाव विचारलेलं असतं ते नेहमी जसं लिहिलं जातं तसं पूर्ण. लग्नानंतरचं नाव असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. माझं सिझेरियन झालं होतं, दुसऱ्या दिवशी मी धड उठून बसत नव्हते. तो फॉर्म खाली ऑफिसमध्ये भरला गेला. माझ्या आधारची झेरॉक्स त्याच फाईलला लावलेली होती. तरीही भरणाऱ्याने नवऱ्याचं नाव आणि आडनाव माझ्या नावापुढे लावून टाकलं. वर येऊन मला कुणी विचारलं नाही. नवऱ्यालाही नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटलं नाही.

दाखला हातात आला तेव्हा मला दिसलं होतं. सगळे म्हणाले, चालतंय, पुढे बघू. मीही म्हटलं, बाळाचं नाव बरोबर आहे ना, बास.

पण आता ते चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच धरतात. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन असे पर्याय आहेत. आमच्या लेकीला नाहीत. शाळा प्रवेश, लायसन्स, मतदार यादी, सरकारी नोकरी, पुढे लग्नाची नोंदणी, सगळ्याला हाच एक कागद. म्हणजे त्या ऑफिसमध्ये दोन मिनिटांत जे लिहिलं गेलं ते तिला जन्मभर पुरणार होतं.

होल्डचं कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला, आणि खरा राग मला इथे आला. एजंट म्हणाला, "ताई, सोपं आहे. राजपत्रात तुमचं नाव बदलून टाका, सासरचं करा, मग सगळं जुळेल." एका नातेवाईकांनी तेच सांगितलं. दुरुस्तीच्या अर्जासाठी गेले तिथल्या कारकुनानेही तेच विचारलं, "एवढं कशाला करताय, गॅझेट करून घ्या की." तिघंही चांगल्या मनाने बोलत होते. पण विचार करा. चूक दुसऱ्याने केली, एका ओळीची. ती ओळ दुरुस्त करण्यापेक्षा पस्तीस वर्षांची बाई दुरुस्त करणं यांना सोपं वाटत होतं. माझी डिग्री, माझं पीएफ खातं, माझा चालू पासपोर्ट, हे सगळं बदलायचं, का, तर एका फॉर्मवर कुणीतरी गृहीत धरलं म्हणून.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. ज्यांना बदलायचंय त्यांनी आनंदाने बदलावं. माझ्या सासूबाईंनी बदललं, त्यांना ते प्रिय आहे. आणि या प्रकरणात सगळ्यात ठामपणे माझ्या बाजूने त्याच उभ्या राहिल्या. "तिचं नाव तिच्या बापाने ठेवलंय, कारकुनाने नाही," एवढंच त्या एजंटला फोनवर म्हणाल्या.

दुरुस्तीचा रस्ता कायद्यात आहे आणि तो अवघड नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १५. नोंद चुकलेली असेल तर निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहितो, खाली सही आणि तारीख. बाळाचं नाव घालायचं राहिलं असेल तर ते कलम १४ खाली येतं, ती वेगळी गोष्ट. आमच्याकडून रुग्णालयाचं चूक मान्य करणारं पत्र, दोघांचे आधार, माझा पासपोर्ट, विवाह नोंदणीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र मागितलं. पत्र मिळवायला तीन खेपा झाल्या, कारण चूक झाली हे लेखी द्यायला कुणी तयार होईना. सगळं मिळून सव्वा महिना गेला.

त्या सव्वा महिन्यात मी पुण्यातल्याच एका मुलीबद्दल वाचत होते. १७ वर्षांची, दहावीला उत्तम मार्क, जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड झालेली. आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू, मुलगी आईकडे. वडिलांनी हरकत घेतली म्हणून तिचा पासपोर्ट अडला. आईने एकट्या पालकाचं अ‍ॅनेक्शर सी दिलेलं होतं, तरी उच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला पासपोर्ट द्या असा आदेश दिला आणि परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधला हक्क आहे याची आठवण करून दिली. मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८ लाच सांगून ठेवलं आहे. माझी अडचण तिच्यापुढे काहीच नाही, मला नवऱ्याची सही घरात मिळते. पण एकटीने मूल वाढवणाऱ्या मैत्रिणी मला आहेत, आणि प्रत्येक खिडकीवर "मिस्टर कुठे आहेत?" हा प्रश्न त्यांना कसा लागतो हे मी जवळून बघितलंय. २०१६ पासून पासपोर्टच्या फॉर्मवर आई किंवा वडील, एकाचंच नाव चालतं. नियम केव्हाचा पुढे गेलाय, खिडकीवरची आणि खिडकीबाहेरची माणसं अजून तिथेच आहेत.

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरवला. मला याचा मनापासून आनंद आहे. फक्त ते आईचं नाव कोण सांगणार? खाली ऑफिसमध्ये बसलेला माणूस, की वर खाटेवर पडलेली आई?

दुरुस्त दाखला आला, पुन्हा वेळ घेऊन मुंढव्याला गेलो. या वेळी 'ए', 'बी', 'सी' तिन्ही काउंटर तासाभरात झाले. आम्हा दोघांचे पासपोर्ट चालू असल्यामुळे पोलीस पडताळणी लागली नाही. आठ दिवसांत पोस्टमनकाका स्पीड पोस्टचं पाकीट घेऊन दारात उभे होते.

आमच्या शेजारच्या मुलीला पुढच्या महिन्यात बाळ व्हायचंय. परवा तिची दवाखान्याची बॅग भरायला गेले होते. वहीचा एक कागद घेतला, त्यावर तिला विचारून तिचं पूर्ण नाव, तिच्या नवऱ्याचं पूर्ण नाव, दोघांच्या आधारवर आहे तसंच, मराठीत आणि इंग्रजीत, एकेक अक्षर सुटं करून लिहिलं. दीर्घ ईला दोन 'ई' की एक 'आय' तेही बघून घेतलं. खाली लिहिलं, जन्माचा फॉर्म पाठवण्याआधी आईला दाखवा. आणि तो कागद दुपट्यांच्या वर, बॅग उघडली की पहिला हाताला लागेल असा ठेवला.