केसांची गोळी आणि पीएसएचा फसवा आकडा

सर्वत्र एक संदेश फिरतो आहे: केसगळतीसाठी घेतलेल्या फिनास्टेराइडच्या गोळीने पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन, जे तिथल्या कर्करोगाचा अंदाज घेण्यासाठी रक्तात मोजतात) उतरतो, म्हणजे प्रोस्टेट सुरक्षित राहते. डोस जेमतेम 1 मिलीग्रॅमचा असल्यामुळे तपासणीवर परिणाम होत नाही. आणि शंका असल्यास तपासणीसाठी रक्त देण्याआधी दोन दिवस गोळी थांबवावी. यातील पहिली दोन विधाने एकमेकांनाच खोडून काढतात, हे पुढे पाठवणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

डोसाचा मुद्दा आधी घेऊ. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकामध्ये रूपांतर करणारे विकर ही गोळी रोखते आणि प्रोस्टेटमधील पीएसएची निर्मिती डीएचटीवर अवलंबून असते. 1 मिलीग्रॅमनेही रक्तातील डीएचटी निम्म्याहून अधिक घटते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 48 आठवडे हाच डोस घेतलेल्या पुरुषांचा पीएसए चाळिशीत सुमारे 40 टक्के, तर पन्नाशीत सुमारे 50 टक्के उतरला होता.

आकडा उतरला म्हणजे धोका टळला, हे अनुमान सर्वांत घातक आहे. वर्षभर गोळी घेणाऱ्या पन्नाशीतील गृहस्थाचा पीएसए (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये) 2.4 आला, तर 4 ही मर्यादा मानणाऱ्या अहवालात तो निर्धोक दिसतो; प्रत्यक्षात तो 4.8 च्या आसपास धरायला हवा. दुप्पट करण्याचा हा नियमही ढोबळच आहे, आणि गोळी सुरू होऊन साधारण सहा महिने झाल्यावरच तो लावता येतो. त्याहून बोलका असतो तो गाठलेल्या नीचांकावरून पुन्हा वर जाणारा आकडा, मग तो मर्यादेच्या आत का असेना. अमेरिकी माजी सैनिकांवरील 2019 च्या अभ्यासात या वर्गातील औषधे घेणाऱ्यांच्या कर्करोगाचे निदान इतरांपेक्षा उशिरा झाल्याचे आढळले.

रक्षणाच्या दाव्यामागे 2003 ची मोठी अमेरिकी चाचणी आहे. तिच्यात कर्करोगाचे प्रमाण सुमारे चतुर्थांशाने घटले हे खरे. पण ती 55 वर्षांवरील पुरुषांवर, 5 मिलीग्रॅमच्या डोसाने झाली होती, आणि पुढील दीर्घ पाठपुराव्यात गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांच्या आयुर्मानात फरक दिसला नाही.

दोन दिवसांच्या खंडाने काहीच साधत नाही, कारण पीएसए पूर्ववत होण्यास काही महिने लागतात. केवळ डोक्याला मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचे दुसरे औषध लावणाऱ्यांना मात्र हा प्रश्न उद्भवत नाही. गोळी बहुधा त्वचारोगतज्ज्ञ लिहून देतात आणि पीएसए मूत्ररोगतज्ज्ञ पाहतात; त्यामुळे ती कधीपासून चालू आहे, हे रुग्णाने स्वतःहून सांगितल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावताच येत नाही.