एक कार्ब्युरेटर तेवढा

“गाडीत काही म्हणजे काही काम नाही, एक कार्ब्युरेटर तेवढा साफ करून घ्या,” असे त्या गाडीचे मालक मला म्हणाले, आणि त्या वाक्याकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके मी दिले नाही. माझे सारे लक्ष टाकीवरच्या रंगीत पट्ट्यांवर होते. 1969 साली होंडाने सीबी 750 ही मोटरसायकल आणली आणि एका ओळीत चार सिलिंडर, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक हे शर्यतीतले वैभव रोजच्या रस्त्यावर उतरवले. 1972 मध्ये कावासाकीची झेड 1 त्याच वाटेने आली. माझी गाडीही त्याच चौसिलिंडरी घराण्यातली. तिचे नाव मात्र सांगत नाही, कारण बाहेर तिची अब्रू अजून शाबूत आहे.

मी पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते. जुनी गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिनाला हात लावावा, आणि ते गरम लागले तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजावे, हा नियम मला पाठ होता. पण “तुम्ही येणार म्हणून तापवून ठेवली,” हे त्यांनी इतक्या अगत्याने सांगितले की शंका घेण्याचाच मला संकोच वाटला. त्यांनी गाडी चालू केली, अ‍ॅक्सिलरेटर पिळला आणि तो पुन्हा सोडलाच नाही. मी त्याला उत्साह समजलो.

टायर नवे आहेत, असेही ते म्हणाले होते. घरी आल्यावर मी टायरच्या बाजूवरचा आकडा वाचला. 2000 सालापासून टायरवर चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. त्याआधी तीनच असत आणि सालाच्या वाट्याला एकच अंक येई. माझ्या टायरवर 238 होते. म्हणजे जन्म तेविसाव्या आठवड्यात, आठ साली. कोणत्या दशकातल्या आठ साली, हे शोधण्याची हिंमत मला झाली नाही.

कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून ते सिलिंडरला पोचवणारा भाग, आणि चार सिलिंडर म्हणजे चार कार्ब्युरेटर. पहिले तीन मी उघडले, तर ते संशय यावा इतके स्वच्छ होते. त्यातल्या पायलट जेटचे, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या इवल्या तोटीचे, छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असते, पण तिन्ही जेट उजेडासमोर धरले तेव्हा आरपार दिव्याचा ठिपका दिसला. चौथ्याच्या बाउलचा, म्हणजे तळाच्या पेट्रोलच्या भांड्याचा, एक स्क्रू मात्र हलेना. जपानी गाडीच्या स्क्रूवरची चौफुली आणि आपल्या घरातल्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरची चौफुली दिसायला सख्ख्या बहिणी, पण त्यांचे एकमेकींशी अजिबात पटत नाही. जोर लावला की ड्रायव्हर वर सरकतो आणि स्क्रूचे डोके सोलून निघते. ओळख पटावी म्हणून अशा पुष्कळ स्क्रूंवर एक बारीक ठिपका असतो. तो ठिपका मला दिसला, पण भिंगातून, आणि तोवर चौफुली नाहीशी होऊन तिथे एक गुळगुळीत, चकचकीत वाटी तयार झाली होती. माझ्या न्याय्य बचावासाठी सांगतो, की ते डोके माझ्याआधीच कोणीतरी अर्धे झिजवलेले होते. तिघे भाऊ सज्जन निघाले म्हणजे चौथाही सज्जनच असणार, असा निष्कर्ष काढून मी त्याला न उघडताच बाजूला ठेवले.

इथेच मी थांबायला हवे होते. पण “आता उघडलीच आहे तर” या चार शब्दांनी जितके संसार उधळले असतील तितके जुगारानेही उधळले नसतील. टाकी उघडलीच आहे तर आतला गंज काढावा, म्हणून तीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून ती मी पाळण्यातल्या बाळासारखी आठवडाभर हलवली. चाक काढलेच आहे तर बेअरिंगही बदलावे. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापवून बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवायचे असते. ते तिथे सौभाग्यवतींना सापडले आणि मग त्यांच्याशी जे बोलणे झाले त्याने तापमानातला फरक आणखी वाढला. वायरिंगबद्दल इतकेच सांगतो की पूर्वीच्या कोणा हौशी माणसाकडे फक्त लाल वायर होती, आणि भरपूर होती. जोडताना अडचण नको म्हणून मी तीनशे फोटो काढले होते. त्यांतल्या बहुतेकांत माझा अंगठा सुस्पष्ट आला आहे.

चौदा महिन्यांनी गाडी जोडून झाली. बशीत सात बोल्ट उरले होते, पण सणाच्या दिवशी कोणी असल्या गोष्टी काढत नाही. बटण दाबले आणि ती चक्क चालू झाली! अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आवाज असा खणखणीत की मी डोळे मिटून घेतले. सोडला की मात्र ती लंगडू लागे आणि हुडहुडी भरल्यासारखी थरथरे. मी इग्निशन, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन अशी तपासाची लांबलचक दिशा मनाशी आखत होतो. तेवढ्यात सौभाग्यवती हातात पाण्याचे भांडे घेऊन आल्या आणि तापलेल्या तव्यावर शिंपडावे तसे त्यांनी चारही सायलेन्सरच्या नळ्यांवर एकेक थेंब उडवला. पहिल्या तीन नळ्यांवर थेंब चर्रकन् उडाले. चौथ्या नळीवरचा थेंब जरा थबकला, आणि मग सावकाश ओघळत खाली गेला.

“अहो, ही तर थंडच आहे.”

गाडी जागेवर चालू असते तेव्हा पेट्रोल पायलट जेटमधून येते; अ‍ॅक्सिलरेटर पिळला की मेन जेट काम हाती घेतो, आणि बिघाड ऐकूच येत नाही. त्या गृहस्थांची मूठ का सुटत नव्हती, ते मला चौदा महिन्यांनी कळले. मी खाली वाकलो. चौथ्या कार्ब्युरेटरच्या तळाशी ती चकचकीत वाटी तशीच होती. आमच्या दोघांचेही स्क्रूड्रायव्हर तिथेच हरले होते. पण ते खोटे बोलले नव्हते. एक कार्ब्युरेटर तेवढा, असे त्यांनी पहिल्याच वाक्यात, मोजून सांगितले होते.