लम्पीची लस आणि 'हवामानाचं थोतांड': मामाला आलेल्या फॉरवर्डला उत्तर

परवा मामाचा फोन आला. त्याच्याकडे पाच गाई आणि दोन कालवडी आहेत, घरखर्च सगळा दुधाच्या पगारावर. म्हणाला, यंदा लम्पीची (गुरांना ताप आणि अंगभर गाठी आणणाऱ्या रोगाची) लस टोचून घ्यायची नाही, डॉक्टर आले तर परत पाठवतो. का, तर तुला मेसेज टाकलाय तो वाच. वाचला. तोच लांबलचक फॉरवर्ड, मला आत्तापर्यंत तीन ग्रुपवर आलाय. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगतो: लम्पी लसीतूनच पसरते, लस दिली की गाठी येतात आणि गाभण गाय गाभडते. दूध पिणाऱ्यालाही लागण होते. रोग परदेशी चित्त्यांबरोबर आला. गोमाशा-चिलटं पूर्वीपण होतीच, त्यामुळे हवामान बदलाने जनावरांचे रोग वाढतात ही विलायती शास्त्रज्ञांची दुकानदारी आहे. आणि उपाय एकच, कडुलिंबाचा धूर.

चित्त्याचं आधी संपवतो. चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात उतरले 17 सप्टेंबर 2022 ला. जळगाव जिल्ह्यात लम्पी सापडली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आणि देशात ती पहिल्यांदा दिसली 2019 ला ओडिशात. कॅलेंडर बघितलं असतं तरी पुरलं असतं. दुधाचंही तेच, लम्पीचा विषाणू माणसाला लागत नाही, जागतिक पशुआरोग्य संघटना हे स्पष्ट सांगते. दूध तसंही आपण उकळूनच पितो. पण अशा मेसेजमुळे लोक दूध घ्यायचं बंद करतात आणि मार बसतो तो मामासारख्यांना.

आता लस. याच मुद्द्याने गाई मरतील म्हणून यावर जास्त लिहितोय.

2022 ला मामाच्याच गोठ्यात एक गाय गेली. मी तेव्हा तिथे होतो. अंगभर सुपारीएवढ्या गाठी, मानेखालची पोळी सुजून लोंबत होती, पुढच्या पायांत पाणी उतरलेलं त्यामुळे बसली की उठायला तयार नाही. फुटलेल्या गाठींवर माशा इतक्या की मामी पदराने हाकलायची आणि दोन मिनिटांत परत तेवढ्याच. तिला लस नव्हती. ती आजारी पडल्यावर घाईघाईने बाकीच्या जनावरांना लस दिली आणि सहाव्या दिवशी एका कालवडीला गाठी आल्या. हे मामाने डोळ्यांनी बघितलंय, म्हणून त्याला मेसेज पटतो, आणि त्यात त्याची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

पण मामा, लागण झाल्यापासून ताप-गाठी दिसेपर्यंत एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त जातात. लसीचा जोर यायलाही दोन-तीन आठवडे लागतात. कालवड त्या गाईशेजारीच दावणीला होती, त्याच माशा दोघींवर बसत होत्या, म्हणजे सुई टोचली तेव्हा विषाणू बहुतेक आधीच तिच्या अंगात होता. आणि मुख्य गोष्ट, तेव्हा आपल्याकडे जी लस दिली ती शेळ्यांच्या देवी रोगाची होती. त्यात लम्पीचा विषाणूच नाही, त्याच्या जवळच्या नात्यातला विषाणू आहे, तोही कमजोर केलेला. जो विषाणू बाटलीतच नाही तो गाईत कुठून येणार? आणि गाभडण्याचं म्हणाल तर लम्पी झालेली गाय त्या रोगानेच गाभडू शकते, ते मेसेजवाला सांगत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. लस दिल्यावर टोचल्या जागी सूज येते, एखाद-दोन दिवस ताप येतो, दूध थोडं घटतं. काही जनावरांना लस देऊनही लम्पी होते. आणि एकच सुई दहा जनावरांना वापरली तर सुईतून रोग जाऊ शकतो, हे खरंय. मामाच्या गोठ्यात त्या दिवशी सुई बदलली नव्हती. पण तो दोष सुई न बदलणाऱ्याचा, लसीचा नाही.

आता ते 'दुकानदारी' प्रकरण. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय, कारण ज्यांनी आयुष्य चिलटं मोजण्यात घालवलं त्यांना हे लोक एका ओळीत चोर ठरवतात.

लिव्हरपूल विद्यापीठातले मॅथ्यू बेलिस हे कीटकांमुळे होणारे जनावरांचे रोग आणि हवामान यावर काम करणारे शास्त्रज्ञ. त्यांचं बरंच काम ब्लूटंगवर, म्हणजे आपल्या धनगरांना माहीत असलेला मेंढ्यांचा नीलजिव्हा. (हा विलायती रोग वाटत असेल तर सांगतो, भारतात त्याची पहिली नोंद 1964 ची आहे आणि ती महाराष्ट्रातलीच.) तो पसरवतं एक-दोन मिलिमीटरचं चिलट. 2005 मध्ये बेथ पर्स, बेलिस आणि सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला: 1998 पासून या विषाणूचे सहा प्रकार युरोपातल्या 12 देशांत पसरले, पूर्वी कधी नोंद नव्हती इतके, 800 किलोमीटर आणखी उत्तरेला, आणि त्यामागे बदललेलं हवामान आहे. त्यांनी असंही लिहिलं की आफ्रिकेकडचं चिलट जिथे पोचलेलं नाही तिथली स्थानिक चिलटंसुद्धा आता रोग पसरवतायत. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2006 मध्ये, नेदरलँड्स-बेल्जियम-जर्मनीच्या सीमेवर ब्लूटंग निघाला, इतक्या उत्तरेला पहिल्यांदाच, आणि पसरवणारी चिलटं तिथलीच. तो जुलै तिकडे विक्रमी उष्णतेचा होता. 2007 ला रोग इंग्लंडमध्ये पोचला.

'चिलटं पूर्वीपण होती' याचं उत्तर इथेच आहे. होती की! पण चिलटाने आजारी मेंढीचं रक्त प्यायलं म्हणजे लगेच ते रोग देत नाही. विषाणू त्याच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचावा लागतो, आणि चिलट जगतं फार तर काही आठवडे. गारठ्यात ही वाढ जवळजवळ थांबते, तोवर चिलट मरून जातं. उबेत वाढ झपाट्याने होते आणि चिलट चावतंही जास्त वेळा. तेच चिलट, तीच मेंढी, फक्त चार अंश इकडेतिकडे. 2012 मध्ये बेलिस यांच्या गटाने जुन्या हवामानाचे आकडे घालून रोग पसरायच्या धोक्याचं हे गणित मांडलं तर वायव्य युरोपात 2006 हे वर्ष वेगळं उठून दिसलं.

लम्पीला हे जसंच्या तसं लागू होत नाही. गोमाशी विषाणू तोंडाला चिकटवून नेते, तिच्या पोटात तो वाढावा लागत नाही. आणि 2022 चा सगळा उद्रेक हवामानाने झाला असंही मी म्हणत नाही, गुरांची ने-आण हे मोठं कारण होतं, म्हणून तर बाजार बंद केले. पण लांबलेला पाऊस, ओलं शेण, दमट ऊब यांनी माशा वाढतात हे गोठ्यात उभं राहिलं तरी कळतं.

आणि इंग्लंडने 2007 नंतर काय केलं? 2008 ला लस आणली, शेतकऱ्यांनी आपणहून टोचून घेतली, आणि त्या वर्षी ब्लूटंग सापडला तो बाहेरून आणलेल्या जनावरांत, तिथे पसरला नाही.

कडुलिंबाचा धूर जरूर करा, संध्याकाळी माशा-चिलटं थोडी पांगतात. तो लसीच्या जोडीला, लसीऐवजी नाही.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. कालवडीच्या दिवसांचा हिशेब त्याने परत विचारला, बोटांवर मोजला, मग म्हणाला, "सुईचं काय करायचं?" गुरुवारी डॉक्टर येणार आहेत. पाच गाई, दोन कालवडी, सात नव्या सुया मी इथूनच घेऊन जातोय.